व्हिस्कीचा गोड शॉट: घसा जळतो तेव्हा साखर वाढवू नका

प्रश्न असा आहे: घरच्या पार्टीला वीसेक माणसं येणार आहेत. सगळीच काही व्हिस्की पिणारी नाहीत, म्हणून व्हिस्कीचा एखादा गोड, छोटा शॉट करावा असं मनात आहे. व्हिस्की, पीच शनॅप्स (पीचच्या चवीचं गोड मद्य) आणि बाटलीतलं तयार सॉवर मिक्स (आंबटगोड मिश्रण) समान मापात घेऊन करून पाहिलं, वर थोडं स्प्राइट घातलं. घसा जळला, म्हणून साखरेचा पाक वाढवला. मग चव खोकल्याच्या औषधासारखी झाली आणि जळजळ होती तिथेच राहिली. नेमकं चुकतंय कुठे, आणि वीस जणांसाठी एकदम करायचं तर कसं?

तुम्ही केलात तो 'ग्रीन टी शॉट'. नाव असं असलं तरी त्यात चहा नसतो, फक्त रंग फिकट हिरवट-पिवळा दिसतो. शॉट चांगला आहे आणि पार्टीसाठी तुमची निवडही योग्य आहे. चूक झाली ती निदानात. घसा जळला याचा अर्थ गोडी कमी पडली असा तुम्ही लावलात. बारच्या काउंटरमागे काम करताना नव्या पोरांना मी सगळ्यात आधी हीच गोष्ट सांगायचो: जळजळीवर पहिला इलाज गारवा, दुसरा पाणी, तिसरा आंबट. साखरेचा नंबर त्यानंतर लागतो.

याला कारण आहे. तोंडात आणि घशात उष्णता ओळखणारे काही रिसेप्टर असतात. मिरची खाल्ल्यावर पेटतात ते हेच. साधारण ४२ अंश सेल्सियसच्या पुढचं तापमान त्यांना 'भाजतंय' असं कळतं. अल्कोहोल हा उंबरठा खाली ओढतं, ३४ अंशांच्या आसपास आणून ठेवतं. आपलं तोंड मुळातच त्याहून गरम असतं. म्हणजे व्हिस्की घेतली की स्वतःच्या तोंडाची ऊबच भाजायला लागते. साखर जिभेला गुंतवून ठेवते, पण घशापाशी घडणाऱ्या या प्रकाराला ती फारसं काही करत नाही. शॉट शून्याच्या खाली गार केला आणि त्यात बर्फाचं पाणी मुरवलं, की मात्र जळजळ लगेच उतरते. तुमच्या शॉटमध्ये साखर भरपूर होती. कमी पडला तो बर्फ.

आता साखरेचाही हिशेब करू. पीच शनॅप्स गोड, तयार सॉवर मिक्स गोड, वरून स्प्राइट गोड. समान मापाच्या कृतीत व्हिस्की सोडून जे जे आहे ते सगळं साखरेचं. त्यात पाक घातलात म्हणजे चौथी साखर झाली. अशा शॉटने पहिल्याच घोटाला तोंडाला मिठी बसते आणि दुसरा ग्लास कुणी उचलत नाही. समान मापाची कृती बारमध्ये चालते, कारण तिथे ती घाईत, डोळे मिटून ओतता येते. घरी तुमच्याकडे वेळ आहे, लिंबं आहेत, मापही आहे, तर ती कृती वापरायचं कारण नाही.

माझं माप असं: व्हिस्की २० मिली, पीच शनॅप्स १० मिली, ताज्या लिंबाचा रस १० मिली, साखरेचा पाक ५ मिली. हे सगळं शेकरमध्ये, म्हणजे पेय हलवायच्या झाकणाच्या भांड्यात, भरपूर बर्फ घालून हलवायचं, गाळून ग्लासात ओतायचं आणि वरून चमचाभर, म्हणजे ५ मिलीच्या आसपास, स्प्राइटसारखा लेमन-लाइम सोडा. हलवताना बर्फाचं साधारण १० ते १२ मिली पाणी त्यात येतं, म्हणजे ग्लासात सुमारे ६० मिली उतरतं. तुमचे ग्लास ४५ मिलीचे असतील तर चार शॉटच्या मालात पाच ग्लास भरा. पार्टीत लहान ग्लासच बरे.

पाकाचं प्रमाण वजनाने समान ठेवा: १०० ग्रॅम साखर, १०० मिली पाणी. उकळायची गरज नाही, साखर विरघळेपर्यंत कोमट केलं की पुरे. उकळत ठेवलंत तर पाणी उडतं, पाक दाट होतो आणि सगळं माप बिघडतं. एवढ्यातून सुमारे १६० मिली पाक मिळतो आणि फ्रीजमध्ये तो दोन आठवडे तरी सहज टिकतो. मध वापरायचा असेल तर तीन भाग मधाला एक भाग कोमट पाणी घालून आधी पातळ करून घ्या. घट्ट मध गार पेयात विरघळत नाही, शेकरच्या तळाला चिकटून बसतो आणि शॉट आंबट लागतो. पीचबरोबर मध छान जमतो. मला स्वतःला आयरिश व्हिस्की, पीच आणि मध हे त्रिकूट साखरेच्या पाकापेक्षा जास्त आवडतं, पण मधाचा वास सगळ्यांनाच रुचतो असं नाही, म्हणून वीस जणांच्या घोळक्यात साखर बरी.

लिंबाच्या बाबतीत मी अडून बसतो. बाटलीतल्या तयार सॉवर मिक्समध्ये बहुतेक वेळा साखर, सायट्रिक अ‍ॅसिड आणि टिकाऊपणासाठीचे पदार्थ असतात. आंबटपणा त्यात असतो, लिंबाचा वास नसतो. औषधासारखी चव येते ती मुख्यतः इथून. घरी करायचं सॉवर मिक्स म्हणजे लिंबाचा रस आणि साखरेचा पाक, बस. रस त्याच दिवशी काढा, शक्यतो पार्टीच्या आधीच्या चार-पाच तासांत. रात्रभर ठेवलेल्या रसाचा वरचा तजेला जातो आणि एक बोथट, किंचित कडवट चव मागे राहते. पिळताना शेवटच्या थेंबासाठी लिंबाचा जीव काढू नका. सालीच्या आतला पांढरा भाग चिरडला की कडूपणा उतरतो. रस बारीक गाळणीतून गाळून घ्या. शॉटच्या छोट्या ग्लासात लिंबाचा एक रेषा तरंगताना दिसला तरी पेय गढूळ वाटतं.

व्हिस्की कोणती, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो विचारायला हवा. ग्रीन टी शॉटमध्ये आयरिश व्हिस्की घालायची पद्धत आहे. जेमसन सर्रास वापरली जाते. आयरिश व्हिस्की लाकडी पिंपात किमान तीन वर्षं मुरवलेली असते, बरेचदा तीनदा ऊर्ध्वपातन केलेली असते, म्हणून तिची धार बोथट असते आणि फळांच्या चवीला ती आडवी येत नाही. बर्बन ही अमेरिकन व्हिस्कीही चालते. बर्बनमध्ये धान्याच्या मिश्रणात किमान ५१ टक्के मका असावा लागतो आणि ती आतून जाळलेल्या नव्या ओक पिंपांत मुरते. त्या जळक्या लाकडातून व्हॅनिला आणि कॅरॅमलचा वास येतो, त्यामुळे साखर न वाढवताही शॉट गोड भासतो. बर्बन घेतलीत तर पाक ५ मिलीऐवजी ३ मिलीपासून सुरू करा. राय या धान्याच्या व्हिस्कीत मिरीसारखा झणका असतो. ती सफरचंदाबरोबर शोभते, पीचबरोबर भांडते. पीटच्या (दलदलीतल्या जळाऊ मातीच्या) धुरावर वाळवलेल्या मॉल्टची (मोड आणलेल्या बार्लीची) धुरकट स्कॉच मात्र या कामाला नको. तो धूर गोड पीचमध्ये मिसळला की औषधी वास येतो, आणि तो लिंबानेही जात नाही. बारा-पंधरा वर्षं मुरलेली महागडी बाटली इथे उघडू नका. तिच्यात जे बारकावे आहेत ते शनॅप्सखाली गाडले जातील. साधी, स्वच्छ, बिनधुराची ब्लेंडेड व्हिस्की पुरेशी आहे.

चव घातलेल्या व्हिस्कींचा हिशेब वेगळा. मध किंवा दालचिनी घातलेल्या या बाटल्यांमध्ये साखर आधीच असते आणि अल्कोहोल साध्या व्हिस्कीच्या ४० टक्क्यांपेक्षा कमी असतं. जॅक डॅनियल्सची टेनेसी हनी ३५ टक्क्यांची आहे, फायरबॉल दालचिनी व्हिस्की ३३ टक्क्यांची. त्या घेतल्या तर पाक पूर्ण वगळा आणि लिंबाचा रस दोन-तीन मिलीने वाढवा. दालचिनीची चव मुळात तिखट-गरम असते, तेव्हा तिच्याने घसा 'जळला' तर ते बर्फाने फारसं कमी होणार नाही. ज्यांना ते आवडत नाही त्यांना तो शॉट देऊच नये.

शनॅप्सची बाटली घेताना मागचं लेबल वाचा. तुम्हाला हवं आहे ते लिक्युअर, म्हणजे चव आणि साखर घातलेलं गोड मद्य, साधारण १५ ते २४ टक्के अल्कोहोलचं. युरोपात, विशेषतः जर्मन भाषक भागांत, याच नावाने फळांपासून काढलेलं बिनसाखरेचं, ४० टक्क्यांच्या आसपासचं कडक मद्य मिळतं. ते चुकून घातलंत तर शॉटमध्ये अल्कोहोल वाढेल आणि गोडी गायब होईल. पीच शनॅप्स मिळालंच नाही तर घरी पीचचा पाक करता येतो: २०० ग्रॅम पिकलेल्या पीचच्या फोडी, २०० ग्रॅम साखर, २०० मिली पाणी, मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं, मग न दाबता गाळून घ्यायचं. दाबलंत तर गर उतरतो आणि पाक गढुळतो. मग माप बदलतं: व्हिस्की २५ मिली, पीचचा पाक १० मिली, लिंबाचा रस १० मिली, वेगळी साखर नाही. मला हा प्रकार शनॅप्सच्या शॉटपेक्षा सरस वाटतो, कारण त्यात खऱ्या फळाचा वास असतो. बाटलीतल्या पीचचा वास ओळखीचा असतो, तोंडातही बराच वेळ रेंगाळतो, पण तो झाडावरच्या पीचचा नव्हे.

आता हलवण्याचं काम, ज्यावर घरी सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. शेकर दोन तृतीयांश बर्फाने भरा. चार-पाच खडे टाकून भागत नाही. कमी बर्फ लवकर वितळतो आणि पेय गार होण्याआधीच पांचट होतं. गंमत अशी की जास्त बर्फ घातला तर पाणी कमी सुटतं. खडे फ्रीजरमधून थेट घ्या. भांड्यात अर्धा तास पडून ओला झालेला बर्फ आपल्याबरोबर आधीच वितळलेलं पाणी घेऊन येतो. आणि तो बर्फ एकदा चाखून बघा. फ्रीजरमध्ये उघड्यावर ठेवलेला बर्फ आजूबाजूचे वास धरतो, आणि तो वास शॉटमध्ये हमखास उतरतो. झाकण घट्ट लावून, दोन्ही हातांनी धरून, दहा ते बारा सेकंद जोरात हलवा. बर्फ शेकरच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकावर आपटला पाहिजे, नुसता गोल फिरून उपयोग नाही. सुरुवातीला आवाज टणटणीत येतो, मग हळूहळू दबका होत जातो, कारण खड्यांच्या कडा झिजून बारीक चुरा व्हायला लागतो. स्टीलच्या शेकरवर बाहेरून पांढरं दव धरलं आणि बोटं चिकटायला लागली की झालं. आतलं पेय तेव्हा शून्याखाली काही अंश गेलेलं असतं. त्यानंतर अर्धा मिनिट आणखी हलवलंत तरी ते फार गार होत नाही, फक्त पाणी वाढतं.

शेकर नसेल तर घट्ट झाकणाची स्टीलची बाटली चालते. काचेची बरणी बर्फासकट जोरात हलवू नका, तडकते. गाळायला चहाची गाळणी उत्तम. ती बर्फाचा बारीक चुराही अडवते. आणि सोडा कधीही शेकरमध्ये घालायचा नाही. आत दाब वाढतो, झाकण उडतं आणि सगळं पेय भिंतीवर जातं. तो शेवटी, ग्लासात. ग्लास अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा, कारण पेय थोडं आणि काच जास्त असते. साध्या तापमानाचा ग्लास त्या दोन घोटांतला गारवा लगेच ओढून घेतो.

चव नेहमी गार असताना घ्या. जिभेला गार पदार्थ कमी गोड लागतो, तोच कोमट झाला की जास्त गोड लागतो. तुम्ही बाटलीत मिसळून, बर्फाशिवाय चाखलं असणार. त्या चवीवरून काढलेला कुठलाच निष्कर्ष खरा नसतो. हलवल्यावर स्ट्रॉचं टोक बुडवा, वरून बोटाने बंद करा आणि तेवढेच थेंब जिभेवर घ्या. मिठी बसत असेल तर लिंबाचा रस दोन मिली वाढवा. दात आंबत असतील तर पाक दोन मिली. घसा जळत असेल तर पुन्हा ताज्या बर्फात पाच सेकंद. सगळं बरोबर असूनही चव सपाट वाटत असेल तर मीठ: २० ग्रॅम मीठ ८० मिली पाण्यात विरघळवून ठेवा आणि शेकरमागे दोन थेंब घाला. खारट लागत नाही, पण कडवटपणा मागे सरतो आणि फळ पुढे येतं. हे दोन थेंब मी जवळजवळ प्रत्येक आंबटगोड पेयात घालतो.

वीस जणांसाठी प्रत्येक वेळी शेकर हलवत बसलात तर पार्टी तुमच्याशिवायच होईल. आधीच बाटली भरून ठेवा. वीस शॉटला व्हिस्की ४०० मिली, पीच शनॅप्स २०० मिली, पाक १०० मिली, लिंबाचा रस २०० मिली, आणि सगळ्यात महत्त्वाचं, साधं पाणी २२५ मिली. हे पाणी म्हणजे बर्फातून जे आलं असतं ते. इथे बहुतेक जण कचरतात, 'दारूत पाणी कशाला' म्हणून ते वगळतात, आणि मग तोच जळजळीत, चिकट शॉट तयार होतो. व्हिस्की, शनॅप्स, पाक आणि पाणी आदल्या दिवशी मिसळून फ्रीजमध्ये ठेवा. लिंबाचा रस त्या दिवशी दुपारी घाला. अंदाजपंचे ओतू नका, मापाचं भांडं घ्या. ४०० मिलीच्या कामात डोळ्याचा अंदाज ५० मिलीने सहज चुकतो.

बाटली फ्रीजरमध्ये टाकून विसरू नका. नुसती व्हिस्की घरच्या फ्रीजरमध्ये, म्हणजे उणे १८ अंशांना, गोठत नाही. ४० टक्क्यांचं मद्य गोठायला उणे २७ च्या आसपास जावं लागतं. पण आपलं मिश्रण १८ टक्क्यांच्या आतबाहेर आहे, ते त्याच्या कितीतरी आधी रवाळ व्हायला लागतं. वाढायच्या पाऊण तास आधी फ्रीजमधून फ्रीजरमध्ये हलवा, किंवा बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून त्यात बाटली उभी करा. मिठाचं बर्फपाणी शून्याखाली जातं आणि बाटलीला सगळीकडून भिडतं, त्यामुळे फ्रीजरपेक्षा लवकर गार होतं. ओतण्याआधी बाटली हळूच उलटी-सुलटी करा, रसाचा साका तळाशी बसलेला असतो. तिच्यात सोडा घालायचा नाही हे वेगळं सांगायला नको.

पीच कुणाला आवडत नसेल तर 'वॉशिंग्टन अ‍ॅपल' करा. त्यात मुळात कॅनेडियन व्हिस्की, आंबट सफरचंदाचं लिक्युअर आणि क्रॅनबेरीचा रस समान मापात असतो. मी व्हिस्की २० मिली, बाकी दोन्ही १५-१५ मिली घेतो. इथे पाक नको आणि बहुधा लिंबूही नको, कारण आंबटपणा लिक्युअर आणि क्रॅनबेरीतून येतो. फक्त रसाचा डबा बघून घ्या. साखर घातलेलं क्रॅनबेरीचं पेय आणि शंभर टक्के रस या अगदी वेगळ्या वस्तू आहेत; शुद्ध रस इतका आंबट-तुरट असतो की त्याला १० मिली पाक लागतो.

क्रीमचा शॉटही लोक मागतात. तळाला कॉफी लिक्युअर, त्यावर आयरिश क्रीम (व्हिस्की आणि दुधाच्या सायीचं लिक्युअर), सगळ्यात वर बर्बन, प्रत्येकी १५ मिली. थर टिकतात ते साखरेमुळे: कॉफी लिक्युअरमध्ये साखर सर्वांत जास्त म्हणून ते जड, आणि व्हिस्की तर पाण्याहूनही हलकी. चमचा पालथा धरून, त्याचं टोक ग्लासच्या आतल्या बाजूला टेकवून, पाठीवरून अगदी बारीक धार सोडायची. यात लिंबू अजिबात नको. आंबटामुळे क्रीममधलं दुधाचं प्रथिन गोळा होतं आणि ग्लासात फाटलेलं दूध दिसतं. त्याच कारणाने लिंबाचा शॉट आणि क्रीमचा शॉट एकामागोमाग देणंही टाळा. आणि यात बर्फाचं पाणी नसल्याने हा शॉट दिसतो सौम्य, पण असतो जड, म्हणून तो एकापुरताच ठेवा.

जड म्हणजे किती, तेही मोजून सांगतो, कारण गोड शॉटची खरी जोखीम तिथे आहे. आपल्या पीच शॉटमध्ये व्हिस्कीतून ८ मिली आणि २० टक्क्यांच्या शनॅप्समधून २ मिली, असं १० मिली शुद्ध अल्कोहोल आहे, वजनाने सुमारे ८ ग्रॅम. ब्रिटनमध्ये ज्याला एक युनिट म्हणतात तेवढंच हे. अमेरिकेत एक प्रमाणित पेय १४ ग्रॅमचं धरतात, म्हणजे असे दोन शॉट त्याच्याही पुढे जातात. एवढं एक युनिट निपटायला शरीराला साधारण तास लागतो आणि थंड पाणी, कॉफी किंवा आंघोळीने तो वेळ कमी होत नाही. आता गंमत बघा: आपण इतका खटाटोप केला तो जळजळ घालवायला, आणि तीच जळजळ माणसाला थांबवत असते. ती गेली की पंधरा मिनिटांत चार शॉट पोटात जातात, आणि ते चढतात तेव्हा माणूस पाचव्याला हात घालत असतो. चांगला गोड शॉट बनवणाऱ्याने हा हिशेब स्वतःकडे ठेवावा, पाहुण्यांवर सोडू नये.

म्हणून बाटली टेबलावर ठेवून जाऊ नका. ओतणारा एकच माणूस असू द्या आणि तो न पिणारा असेल तर उत्तम. खाणं आधी, शॉट नंतर, आणि दोन शॉटच्या मध्ये निदान अर्धा-पाऊण तास. शेजारी पाण्याचा मोठा जग ठेवा, आणि तो रिकामा होतोय ना याकडे लक्ष द्या. आत काय आहे ते विचारायच्या आधी सांगा, विशेषतः दूध, मध आणि बदामाच्या चवीची लिक्युअर असतील तर. झोपेच्या किंवा तीव्र वेदनेच्या गोळ्या घेणाऱ्यांना, गरोदर बाईला, गाडी घेऊन आलेल्याला आणि कायद्याने वय न बसणाऱ्याला एकही नाही, आग्रह तर मुळीच नाही. एनर्जी ड्रिंकमध्ये हे मिसळू नका. त्यातल्या कॅफीनमुळे चढलंय हे कळत नाही, पण चढलेलं असतंच. कुणी हाक मारून जागं होत नसेल, श्वास अडखळत किंवा फार मंद येत असेल, तर त्याला कुशीवर झोपवा, एकटं सोडू नका आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. 'झोपू दे, सकाळी उतरेल' हे तिथे चालत नाही.

न पिणाऱ्यांसाठीही ग्लास तयार ठेवा, आणि त्यात नुसतं सरबत नको. काळा चहा दुप्पट पत्ती घालून चार मिनिटं मुरवा, गाळून गार करा. मग चहा २५ मिली, पीचचा पाक १० मिली, लिंबाचा रस १० मिली, बर्फात हलवून, वर सोडा. व्हिस्की जिभेच्या कडेला जो कोरडा तुरटपणा ठेवून जाते तो चहातल्या टॅनिनमधून मिळतो, त्यामुळे हा शॉट पोरकट लागत नाही. वीस जणांत पाच-सहा जण तरी हाच मागतील, तेव्हा त्याचीही बाटली भरून ठेवा. फक्त दोन्ही बाटल्यांवर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवा आणि त्या वेगवेगळ्या टेबलांवर ठेवा, कारण गार ग्लासात ओतल्यावर घाईत कोणता कुठला हे सांगणं कठीण जातं.